लेझरला कुंकू

सर, भिवंडीच्या आपल्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं चाललंय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुमचा स्वभाव लोक विसरलेत आणि हार घातलेला फोटो तेवढा राहिलाय. मला लेझरवरच्या कामासाठी पुरस्कार मिळाला, पेपरात बातमी आली, आणि लगेच प्राचार्यांचा फोन. "मॅडम, नाव सरांचं, उद्घाटन तुमच्या हातून, आणि सरांनी तुम्हाला कसं घडवलं त्यावर चार शब्द. तुम्ही हो म्हणा, बोर्ड रंगवायलाच टाकतो." पाठोपाठ तुमच्या घरून काकूंचा. "अगं, हे शेवटपर्यंत सांगायचे, ती माझ्या हाताखालची पोरगी आहे म्हणून." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तुमच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली, आणि तो हात मला आठवतो तो फक्त कपाटाच्या किल्लीवर.

कॉलेजात एकच लेझर होता. हातभर लांबीची पांढरी नळी, लाकडी पेटीत. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. लेझरने केसाची जाडी मोजायचा प्रयोग अभ्यासक्रमात होता, तो आम्ही कधीच केला नाही. तुम्ही खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचात. "आधी उत्तर लिहा, मग त्यावरून रीडिंग काढा. म्हणजे चूक होत नाही." खरंच होत नसे. सगळ्या वर्गाचे केस अगदी सारख्या जाडीचे निघाले, आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आमच्या पालकांना तुम्ही फार हुशार मास्तर वाटायचात.

खंडेनवमीला मात्र लेझर बाहेर यायचा. शहरात ज्यांच्याकडे पूजा असते तिथले कापडाचे लूम त्या दिवशी थांबलेले असतात, आणि आपल्याकडे तुम्ही कडक इस्त्रीचा शर्ट घालून पेटी उघडता. टेबलावर पाट, पाटावर लेझर, बाजूला मल्टिमीटर, झेंडूची माळ. आणि ओल्या कुंकवाचं बोट तुम्ही टेकवता ते नेमकं नळीच्या तोंडच्या काचेवर, जिथून प्रकाश बाहेर पडतो. कपाळ वाटलं का हो तुम्हाला ते? मग कौतुकाने बटण दाबता. भिंतीवर लाल ठिपका पडायच्या ऐवजी फिसकटलेला, दाणेदार डाग पडतो. मी पुढे होऊन विचारते, "सर, काच पुसू का?" तुम्ही माझा हात झटकता. "पूजेचं कुंकू पुसतेस? अंजूरची ना तू? तुमच्याकडे जमिनी आहेत. काल्हेरला बघ, लोकांनी गोदामं बांधली, भाडी खातायत. तुला कशाला हवंय फिजिक्स?" वर्ग हसतो. पुढच्या वर्षी त्याच वाळलेल्या कुंकवावर तुम्ही नवं कुंकू लावलंत, आणि डाग आणखी पसरला तेव्हा म्हणालात, हल्ली माल चांगला येत नाही.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मास्तर हाय तो, त्याला उलटून बोलू नको. पन शिकायचं हाय ना तुला? मंग शिक." शिकले. पीएचडीला गेले तेव्हा माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी हातात स्पिरिट आणि मऊ कागद दिला, लेझरचा आरसा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "पुसा." कुणीतरी ओरडेल म्हणून मी मागे वळून पाहिलं. ती भीती तुमची देणगी, सर, आणि ती जायला वर्षं गेली. आज आम्ही ज्या ताकदीचा लेझर वापरतो, त्याच्या काचेवर तुमचं कुंकवाचं बोट लागलं असतं तर काच जागच्या जागी जळाली असती आणि तुमची पूजा तिथेच आटोपली असती. मला पुरस्कार मिळाला तो कातडीच्या आत खोलवर प्रकाश न विस्कटता कसा पोचवायचा, त्या कामाला. हे प्राचार्यांनी ऐकलं तर म्हणतील, बघा, भिंतीवरच्या त्या डागातूनच सुचलं. नाही. त्या दिवशी मला काहीही सुचलं नव्हतं. मला फक्त रडू आलं होतं, आणि ते मी घरी जाताना पूर्ण्याचा फाटा येईपर्यंत रिक्षात दाबून धरलं होतं.

आज सकाळी मी प्राचार्यांना नाही म्हणून कळवलं. नाव देऊ नका, सरांवर मी बोलणार नाही. कपाटाचं कुलूप काढणार असाल तर उद्घाटनाला येईन आणि दिवसभर मुलांबरोबर बसेन. ते गडबडले. "काकूंना काय सांगायचं?" मी म्हटलं, मीच सांगते. काकूंना सगळं सांगितलं, कुंकवासकट. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "घरीसुद्धा तेच गं. टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक मी ते गेल्यावर काढलं. नको देऊस नाव."

तेव्हा तो विषय संपला. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, आणि तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. एवढं लिहिण्याइतकीही तुमची लायकी नव्हती. पण पुरस्काराचं कळलं तेव्हा, आईबाबांना फोन लावायच्याही आधी, माझ्या मनात आलं होतं की सरांकडे पेढे घेऊन जावं. तुम्ही दार उघडाल, आणि काहीतरी चांगलं म्हणाल. तुम्ही नाही आहात हे मला पक्कं माहीत होतं. तरी आलं.