केवळाकाकूंचा पेला

लातूर, मंगळवार

प्रिय पुनम,

माझं अक्षर पाहून तू पाकीट लगेच फोडणार नाहीस, आधी भाकऱ्या उरकशील, हे मला ठाऊक आहे. फोनवर तू 'हां, बरं आहे' याच्या पुढं जात नाहीस आणि त्यात दोष माझाच, म्हणून लिहायला बसले. पोरांच्या वह्या तपासून तपासून माझी मान पुन्हा पार आखडली होती. गेल्या आठवड्यात इथल्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी मानेवर, पाठीवर प्लास्टिकच्या वाट्या लावून पंपानं हवा ओढली. कपिंग म्हणतात त्याला. घरी येऊन आरशात पाठ पाहिली आणि पलंगावर बसूनच राहिले. जांभळे, काळसर गोल डाग. असेच सहा डाग मी आधी एकदा पाहिले होते.

तीन वर्षांपूर्वी नांदेडला आपल्या मावसबहिणीच्या, उज्वलाच्या हळदीत तू पिवळी साडी नेसत होतीस आणि मी तुझ्या ब्लाउजचे हुक लावत होते. पाठ पाहून मी विचारलं, तर तू हसलीस. "काही न्हाई गं, उसण भरली होती. शेजारच्या केवळाकाकूंनी पेले लावले." मला वाटलं, मार झाकणाऱ्या बायका अशाच हसतात. खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचंच होतं. तू आपल्या मनानं ट्रॅक्टर दुरुस्त करणारा नवरा निवडलास, ते मला कधी पचलं नव्हतं. मी तडक मांडवात जाऊन हरिओमच्या कानाला लागले. आपला भाऊ किती तापट आहे ते काय मला माहीत नव्हतं? तुझे श्रीशैलराव पंगतीत वरण वाढत होते. हरिओमनं साऱ्या पाहुण्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांनी बादली हळूच खाली ठेवली, हात पुसले आणि तुला घेऊन बसस्टँडवर गेले. तीन वर्षं झाली, तुम्ही दोघं आमच्यापैकी कुणाच्याही घरी आला नाहीत.

परवा रविवारी हरिओम आला होता. गळ्याजवळचा डाग पाहून काय झालं म्हणाला. मी कपिंग सांगितलं. "बरं केलंस, आमच्या ऑफिसातले बी करून राहिलेत," म्हणाला आणि आलोकसोबत गप्पा मारत चहा पीत बसला. माझा नवरा बँकेत आहे ना! त्याच्यावर कुणाला शंकासुद्धा आली नाही.

पण पुनम, माझी चूक मला आत्ता कळली असं समजू नकोस. त्या दिवशी घाईत तुझी एक पिशवी मांडवात राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती उघडली. आत काजळी धरलेला पितळी पेला, कापसाच्या वाती आणि तुझ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'ताईच्या मानेसाठी, केवळाकाकूंकडून आणला. वात पेटवून पेला पालथा घालायचा.' तेव्हाच मला सगळं कळलं. मी पिशवी घरी आणून माळ्यावर टाकली. सांगितलं असतं तर मी सगळ्यांसमोर खोटी पडले असते, एवढंच कारण. तीन वर्षं नातेवाईक श्रीशैलरावांना बायकोला मारणारा म्हणत राहिले आणि मी गप्प बसून ऐकलं. याची मला फार लाज वाटते.

परवा तो पेला काढून हरिओमच्या पुढ्यात ठेवला, सगळं सांगितलं आणि मी तुमच्याकडं कंधारला माफी मागायला जाणार आहे म्हणाले. तो चहा अर्धा टाकून उठून गेला. काल फोन करून म्हणाला, "कंधारला मी बी येतो." हळदीला होते त्या सगळ्यांना मी एकेक फोन करून खरं सांगते आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं येऊ. घरात घ्यायचं की नाही ते श्रीशैलरावांनी ठरवावं. नाही म्हणाले, तर दारातच माफी मागू आणि पेला केवळाकाकूंना देऊन परत फिरू. तू मधे पडू नकोस. फक्त हे पत्र त्यांना वाचून दाखव, माळ्याचं तर नक्कीच. तू मला खरं सांगितलं होतंस, पुनम. मी तुझी मोठी बहीण, मला तेवढं पुरायला हवं होतं.

तुझीच,
राजश्रीताई