सायलेन्सर काढून टाकल्याबाबत

मंगळवार, १२ मार्च. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं

वेळ मुद्दाम लिहिते आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या — तक्रारीत तारीख आणि वेळ आधी, राग नंतर. तर तारीख आणि वेळ लिहून झाली. आता राग.

आमच्या ट्रकचा सायलेन्सर गेल्या आठवड्यात फुटला. गंजून त्याची चाळण झाली होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ट्रकचं वय आमच्या मुलीपेक्षा जास्त आहे. काल मी घरी नसताना ट्रक गॅरेजमधून परत आला. आज अहोंनी तो सुरू केला आणि कपाटातले कप एकमेकांवर आपटायला लागले. मला वाटलं, इमारतच निघाली कुठेतरी. खिडकीतून वाकून पाहिलं — सायलेन्सर नाहीच! इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत नुसता सरळ पाइप. जणू ट्रकला नाक न ठेवता थेट घसाच दिलाय.

समोरच्या घरातलं दोन महिन्यांचं बाळ किंचाळत उठलं. त्याची आई खिडकीत आली. माझ्याकडे पाहिलं. खिडकी लावून घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी वरून ओरडून विचारलं, "हे त्या मेकॅनिकने तुम्हाला न विचारता केलं ना?" अहोंनी वर पाहिलं, हसले, म्हणाले, "हो." आणि गेले लाकूड भरायला.

म्हणजे गुन्हेगार कोण ते ठरलं.

बुधवार, १३ मार्च

अहोंना राग कसा येत नाही? हल्ली कशाचाच येत नाही. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास भाषण. आता मी काहीही म्हटलं तरी "हो". पडदे बदलूया? हो. तुमच्या त्या मित्राला घरी बोलवू नका. हो. लग्नाआधी मी त्यांना नावाने हाक मारायची आणि ते माझं एक ऐकत नसत. सासूबाईंसमोर नावाचं "अहो" झालं, सासूबाई गेल्या तरी ते तसंच राहिलं — आणि आता माणूसही मवाळ झालाय.

खोटं कशाला बोलू, आवडतं मला. जेवताना समोर बसतात आणि मी बोलत असले की टक लावून चेहऱ्याकडे बघत राहतात. तरुणपणी कधी बघितलं नाही असं. पण म्हणून कोणीही येऊन त्यांना गुंडाळावं?

गुरुवार, १४ मार्च

आजही ६ वाजून ४० मिनिटं. बाळही.

शुक्रवार, १५ मार्च

गॅरेजवर गेले. मेकॅनिक एका टेम्पोखाली होता, फक्त चपला दिसत होत्या. मी चपलांशीच बोलायला सुरुवात केली. आमचा सायलेन्सर कुठे आहे? चपला हलल्या. मग तो सरकत बाहेर आला आणि सांगायला लागला की जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळत नाही, सरळ पाइपने इंजिन मोकळं राहतं. सगळा वेळ नजर हातातल्या पान्यावर. आणि त्याच्या डोक्यामागे फळीवर एक कोरा करकरीत सायलेन्सर! वर खडूने आमच्या ट्रकचा नंबर.

"हा काय शोभेला ठेवलायस?"

"काकू, तुम्ही काकांना विचारा ना."

"विचारलं. ते म्हणाले, तू परस्पर केलंस."

तो चकित झाला. मान खाली घालून हात पुसत राहिला. मग म्हणाला, "काका म्हणाले असतील तर तसंच असेल."

इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नाही. याच माणसाने वर्षभरात दोनदा क्लच प्लेट बदलली. दोनदा! आमचे अहो जन्मभर ट्रक चालवताहेत, त्यांच्या हातून क्लच जळतो? काय समजतो हा आम्हाला?

शनिवार, १६ मार्च

तक्रार लिहिली. वाहतूक कार्यालयाला, प्रत मेकॅनिकला. नवा सायलेन्सर फळीवर असताना तो न बसवणे, गाडीच्या मालकाला अंधारात ठेवणे, तान्ह्या बाळाची झोप मोडणे. लेखी खुलासा हवा. माझं इंग्रजी अजून गंजलेलं नाही. सिस्टरांनी लाल शाई काढली नसती.

मुलीचा फोन आला. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, आधी बाबांना नीट विचार." म्हटलं, विचारलंय. तर म्हणते, बाबा हल्ली फोनवर बोलतच नाहीत, दोन शब्द बोलले की "घे, आईशी बोल". त्यांना काही झालंय का? मी म्हटलं, त्यांना काय होणार, घोड्यासारखे आहेत.

तक्रारीची प्रत मेकॅनिकला पोहोचती केली. कार्यालयाची सोमवारी टाकणार.

सोमवार, १८ मार्च

सकाळी दारात मेकॅनिक. अहो ट्रक घेऊन गेल्याची खात्री करून आलेला. हातात माझी तक्रार, त्यावर ग्रीसचा अंगठा. बस म्हटलं तर बसला नाही — खुर्ची खराब होईल म्हणे.

त्याने गयावया केली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाला, माझं नाव खुशाल लिहा, पण कार्यालयात पाठवू नका. का? तर म्हणाला, "गाडी तपासतील, काकू. मग काकांनाही तपासतील."

"काकांचं काय तपासायचंय?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटत होतं, मला माहीत असणार. घरातल्या माणसाला माहीत नाही असं कसं होईल?

मग सांगितलं. अहो गिअर बदलतात ते कानाने, सगळे जुने ड्रायव्हर तसेच. इंजिनचा आवाज चढला की हात आपोआप जातो. तो आवाजच हळूहळू येईनासा झाला. गिअर चुकायला लागले, क्लच जळला, परत जळला. सायलेन्सर फुटला त्या दिवशी अहो गॅरेजमध्ये आले ते हसत. म्हणाले, कितीतरी दिवसांनी गाडी बोलली माझ्याशी. नवीन आणलास तरी फळीवर ठेव, मला पाइप टाकून दे. आणि घरी बोलू नकोस.

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर लक्षात आलं.

तोच दिवस, संध्याकाळ

परीक्षा घेतली. अहो खिडकीशी पाठमोरे बसले होते. मी मागे उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "तुमची बहीण महिनाभर राहायला येतेय." काही नाही. या बातमीवर हा माणूस पूर्वी खुर्चीतून उडाला असता. म्हटलं, "मी ट्रक भंगारात विकलाय." काही नाही. मग नावाने हाक मारली. इतक्या वर्षांनी. हळू.

काही नाही.

समोर जाऊन उभी राहिले तेव्हा हसले. म्हटलं, जेवायला चला. टक लावून बघितलं — चेहऱ्याकडे नाही. ओठांकडे. म्हणाले, "हो."

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. पलीकडचा माणूस रडून बोलतोय की खोटं बोलतोय, "हॅलो"वरून सांगायची!

मंगळवार, १९ मार्च

सकाळी त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढून बसले. पायरी उंच झाली आहे. "कुठे?" म्हणाले. मी म्हटलं, "फिरायला." या वेळी "हो" आनंदाचा होता.

दारं, काचा, माझे दात — सगळं वाजत होतं. पण बघण्यासारखा होता तो माणूस! आवाज चढला, हात गेला. उतरला, हात गेला. कुठेही धक्का नाही. चेहरा असा, की कोणीतरी जुनं ओळखीचं भेटलंय.

वळणावर एक सायकलवाला आमच्या डाव्या बाजूला. घंटी बडवत होता, मग ओरडायला लागला. अहो शांतपणे डावीकडे घेत होते. मी त्यांचा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. ट्रक थांबला. सायकलवाला शिव्या देत गेला. त्या मला ऐकू आल्या, यांना नाही.

म्हणजे पाइपमुळे त्यांना इंजिन ऐकू येतं आणि बाकीचं जग बंद होतं.

ते खाली मान घालून बसले. मीही. त्यांना कळलं की मला कळलंय. चाळीस वर्षांचा संसार, आणि बोलायला तोंड नाही.

बुधवार, २० मार्च

मेकॅनिकला दिलेली तक्रार मागे घेतली, तसं त्याला लिहूनही दिलं. कार्यालयाची प्रत फाडली. समोरच्या घरी जाऊन सांगितलं, शनिवारी सायलेन्सर बसतोय. बाळ हातात दिलं त्यांनी.

नवीन पत्र अहोंच्या कपाखाली ठेवलं आहे. नक्कल इथे:

"विषय: ऐकू येत नसल्याचं मला न कळवण्याबाबत. कानाच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारी घेतली आहे. तोवर ट्रकची किल्ली माझ्याकडे राहील. डॉक्टर काय म्हणतील ते दोघं मिळून ऐकू, एकाने ऐकलं तरी चालेल. आपण येणार की नाही? दुसरं: मी बोलत असताना आपण माझ्या चेहऱ्याकडे बघता, ते निव्वळ ओठांसाठीच का? दोन्ही मुद्द्यांवर उद्या सकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या आत लेखी उत्तर द्यावं. तोंडी 'हो' स्वीकारला जाणार नाही."