शिवी देण्याआधी गाव सांगा

मी, फिलोमिना मेरी डनस्टन, माहेरची हेगार्टी, जन्म कॉर्क, आयर्लंड, सध्या राहणार वॉन्गाबिल हॉटेल, मुक्काम वॉन्गाबिल, न्यू साउथ वेल्स, वय एकोणसत्तर, धंदा बिअर विकणे व भांडणे सोडवणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, पोटात चहाखेरीज काही नाही आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस, माझा नवरा मर्व्ह, तो पलीकडच्या खोलीत क्रिकेट बघता बघता झोपला आहे. यापूर्वी मी ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर एक मृत्युपत्र केले होते. त्यावर कोणीतरी ग्लास ठेवला. ते रद्द समजावे.

कारण असे की जानेवारीत सिडनीला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाला, "काळजी नको." कॉर्कात डॉक्टर असे म्हणाला की घरचे लोक पाद्रीबाबांना बोलावणे धाडतात. इथे तर पोस्टातली बाईसुद्धा तिकीट देताना हेच म्हणते. डॉक्टरचे म्हणणे कॉर्कच्या हिशोबाने घ्यायचे की इथल्या, हे मला ठरवता येईना, म्हणून हा कागद.

माझ्या वकील कुमारी प्रूडन्स आल्ड्रिच यांनी बजावले आहे की कायद्याच्या कागदात शिव्या चालत नाहीत. मी प्रयत्न करीन. पण माझी निम्मी कमाई शिव्यांवर झाली आहे, ती वगळून हिशोब कसा द्यायचा?

कलम पहिले. वॉन्गाबिल हॉटेल, म्हणजे दारूचे दुकान, वरच्या सहा खोल्या, बिलियर्डचे वाकडे टेबल आणि मागची कोंबड्यांची जागा, हे सर्व माझ्या पश्चात मर्व्हला मिळावे. अट एकच. बारच्या वर टांगलेली पाटी कोणी काढू नये. त्या पाटीवर माझ्या हाताने लिहिले आहे, "शिवी देण्याआधी गाव सांगा."

ती पाटी उगाच लागलेली नाही. आमच्याकडे खाणीमुळे जगभरचे लोक येतात, सगळे इंग्रजीच बोलतात आणि एकालाही दुसऱ्याचे कळत नाही. ग्लासगोचा शग हा पाइप जोडणारा. त्याने पहिल्याच संध्याकाळी टेक्ससच्या वेंडेलला एका शब्दाने हाक मारली. तो शब्द मी लिहीत नाही, आई वरून वाचत असेल. वेंडेल बाह्या सरसावून उठला. मी म्हटले, "अरे बस खाली. ग्लासगोत त्याचा अर्थ 'काय मित्रा, जेवलास का' असा आहे."

"आणि रागावले तर काय म्हणतात ते?" वेंडेलने विचारले.

"रागावले की 'साहेब' म्हणतात. तेव्हा पळायचं."

पुढे वेंडेल रुळला आणि प्रेमाच्या भरात एकदा सगळ्यांसमोर म्हणाला की मी यंदा तुमच्या फुटबॉल संघासाठी 'रूट' करणार. त्याच्या देशात याचा अर्थ पाठिंबा देणे. आमच्याकडे याचा अर्थ बिछान्यात घेणे. मर्व्हने अगदी काळजीच्या सुरात विचारले, "सगळ्यांना? राखीव खेळाडूंना पण?" त्या रात्री हसून हसून लोकांची इतकी पुरेवाट झाली की बिअर प्यायला कोणाला उसंत मिळाली नाही, माझा धंदा बुडाला.

दारावर दुसरी एक पाटी होती, "सहानंतर थॉन्ग चालणार नाहीत." इथे रबरी चपलेला थॉन्ग म्हणतात. डेव्हनहून आलेल्या शाळामास्तरांच्या बायकोने ती पाटी दोनदा वाचली, लाल झाली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आमच्याकडे ते कपड्यांच्या आत घालतात हो. इथं तपासतं कोण?" ती पाटी मी उतरवली.

कलम दुसरे. आईचा सोडा-ब्रेड भाजायचा लोखंडी तवा माझी स्वयंपाकीण डॉट हिला द्यावा. डॉट यॉर्कशायरची. तिकडे बसवाल्यापासून कसायापर्यंत सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात. ती आमच्या मेंढीवाल्या क्लॅरीला म्हणाली, "हा घे सॉस, लव्ह." पन्नाशीचा ब्रह्मचारी क्लॅरी पुढच्या महिन्यात अंगठी घेऊन दारात हजर. मी डॉटला म्हटले, त्याला नीट समजावून सांग. ती म्हणाली, "आता कुठं सांगू? बिचाऱ्याने दाढीसुद्धा केलीये." संसार सुखाचा चालला आहे. क्लॅरीला माझी मासेमारीची होडी द्यावी. ती गळते, हे त्याला सांगू नये.

कलम तिसरे. दीर रेग याला काही देऊ नये आणि अंत्यविधीला बोलू देऊ नये. त्याला एकच विनोद येतो आणि त्यात एक आयरिश बाई आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस.

कलम चौथे. माझ्या अंत्यविधीच्या दिवशी वॉन्गाबिलमधल्या प्रत्येक सज्ञान माणसाला माझ्या बचतीतून एक बिअर पाजावी. नावे लिहीत बसत नाही, अख्खे गाव समजावे. रेग पण गावातच राहतो, त्याला इलाज नाही.

कलम पाचवे. आता खरे बोलते. कॉर्कात शँडनच्या चढावर आईचे घर आहे, ते माझ्या व माझा भाऊ फिनबार याच्या नावावर निम्मे निम्मे आहे. फिनबार तिथे राहतो. मी हे कलम केले नाही, तर माझा हिस्सा बाकी सगळ्याबरोबर मर्व्हकडे जाईल. आणि फिनबार छत्तीस वर्षे मर्व्हशी एक शब्द बोललेला नाही. ख्रिसमसच्या कार्डावर तो फक्त माझे नाव लिहितो. मर्व्ह दर वर्षी ते कार्ड उलटेपालटे करून बघतो आणि म्हणतो, "यंदा जागा पुरली नसेल." तेव्हा माझा हिस्सा फिनबारला द्यावा, असे मी लिहिते.

वकीलबाईंनी विचारले, "सख्खा भाऊ की सावत्र, म्हणजे 'हाफ-ब्रदर', अर्धा?"

"भाऊ लिहा."

"कायद्याला नेमकं लागतं, मिसेस डनस्टन."

"त्याने मला सायकल शिकवली. माझ्या पहिल्या सिगारेटचा मार त्याने खाल्ला. यातलं अर्धं काय होतं ते मला दाखवा, मी अर्धा लिहिते."

त्यांनी 'भाऊ' लिहिले.

फिनबार आईचा लग्नाआधीचा. बाप कोण, ते आईने सांगितले नाही. माझ्या वडिलांनी आईशी लग्न केले, त्याला आपले नाव दिले आणि घरात तो विषय कायमचा मिटला. गल्लीत मिटला नाही. बास्टर्ड, म्हणजे बिनबापाचा, हा शब्द शाळेपासून त्याच्या पाठीमागे होता. एकदा त्याने मला दप्तर धरायला दिले आणि तीन पोरांना बडवले. मी विचारले, काय म्हणत होते रे ते? "काही नाही, गणित अडलं होतं त्यांचं," असे म्हणाला आणि ओठाचे रक्त पुसले.

मर्व्ह मेंढ्या कातरायच्या स्पर्धेसाठी आयर्लंडला आला आणि मला घेऊन गेला. लग्नात वडिलांच्या जागी फिनबार उभा राहिला. त्याच्या पावाच्या गाडीला फिती बांधून मी चर्चला गेले, अंगाला दिवसभर यीस्टचा वास होता. जेवणाच्या वेळी मर्व्ह उठला. डोळे भरलेले. फिनबारच्या गळ्यात हात टाकून माझ्या सगळ्या मावश्यांसमोर म्हणाला, "तुमच्या देशात मला भेटलेला सगळ्यात भला माणूस कोण, तर हा म्हातारा बास्टर्ड."

वॉन्गाबिलमध्ये याहून मोठा मान कोणाला मिळत नाही. इथे हा शब्द जिवलगासाठी राखून ठेवलेला असतो. मर्व्हला बिचाऱ्याला काय माहीत? आमच्या घरात ती गोष्ट आम्हीच बोलत नव्हतो, तर त्याला कोण सांगणार? फिनबारने टोपी घातली, "केक कापून घ्या, गार होईल," असे काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. केक कुठे गार होतो का? मर्व्हने माफी मागायला अनेकदा फोन केले. तिकडून फोन ठेवला जायचा.

ग्लासगो आणि टेक्सस मी एका टेबलावर बसवले. माझ्या घरचे दोघे मला बसवता आले नाहीत. मला मरायची भीती वाटते, कशाला खोटे लिहू. पण त्याहून मोठी भीती ही की मी गेल्यावर हे दोघे अबोल्यातच म्हातारे होतील आणि माझी आठवण काढायला दोघांनाही दुसरे कोणी नसेल.

कलम सहावे. कलम पाचमध्ये पूर्ण पत्ता लागतो म्हणून मी काल फिनबारला फोन केला. ऑपरेशनचे सांगितले. त्याने तारीख विचारली. मग म्हणाला, "तो आहे का तिथं?"

"आहे."

"दे त्याच्याकडे."

मी मर्व्हला हाक मारली. मर्व्ह इतकी वर्षे या क्षणाची तयारी करत होता. कोंबड्यांसमोर उभा राहून तो म्हणायचा, "मिस्टर हेगार्टी, मी आपली मनापासून क्षमा मागतो." त्याने फोन घेतला, घसा साफ केला आणि त्या मेल्याच्या तोंडून बाहेर पडले, "कसा आहेस, म्हाताऱ्या बास्टर्डा?"

फोन बंद झाला. मर्व्ह भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बोलण्यासारखे सगळे शब्द मला एकदम आठवत होते आणि वकीलबाईंनी मनाई केली आहे.

कलम सातवे. हे तीन आठवड्यांनी लिहिते आहे, शाई वेगळी दिसेल. उद्या पहाटे सिडनीला निघायचे. काल दुपारी टपालाच्या बसमधून फिनबार उतरला. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन आणि अंगात लोकरीचा कोट. मी रडले. त्याने माझ्या पाठीवर थोपटले आणि म्हणाला, "तोंड धुऊन ये, म्हातारी दिसतेस." मर्व्ह स्वयंपाकघरात लपला होता.

फिनबार लेमोनेड घेऊन कोपऱ्यात बसला. संध्याकाळ झाली, गाव जमले आणि मला घाम फुटला. गॅरेजवाल्याने बंद पडलेल्या इंजिनाला बास्टर्ड म्हटले. क्लॅरीने क्रिकेटच्या पंचाला म्हटले, मग उन्हाला, मग डॉटच्या कुत्र्याला, लाडाने. पाद्रीबाबांनी स्वतःच्या गुडघ्याला म्हटले. मग गॅरेजवाल्याचा मुलगा आपले नवे बाळ घेऊन आला, त्याला दिव्याखाली धरले आणि म्हणाला, "बघा, काय गोड बास्टर्ड आहे." शेजारी बाळाची आई कौतुकाने हसत होती.

फिनबार उठला, बाळाजवळ गेला. "हे बाळ कुणाचं?"

"माझंच की," तो पोरगा म्हणाला.

"लग्नाचं?"

"होय, चर्चमध्ये झालं. का हो?"

फिनबार माझ्याकडे वळला. "अगं फिलो," तो म्हणाला, "इथं तर सगळेच बिनबापाचे आहेत." आणि तो हसायला लागला. कोट हलत होता, टोपी पडली, डॉटने त्याला खुर्ची दिली. त्याला हसताना मी लग्नाच्या सकाळनंतर पाहिले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी तीन गिऱ्हाइकांना चुकीची बिअर दिली.

मर्व्ह दारातून डोकावला. फिनबारने त्याला बोटाने जवळ बोलावले, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "तू म्हणजे एक नंबरचा लँगर आहेस."

हा शब्द कॉर्कचा. तिकडे तो गाढव माणसालाही लावतात आणि जिवलगालाही, पण कॉर्कबाहेर कोणाला कळत नाही. मर्व्हने घाबरून मला विचारले, "फिलो, शिवी आहे का गं ही?"

आयुष्यभर मी या बारमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे अर्थ सांगत आले. या वेळी मी ग्लास विसळायला आत गेले. त्यांचे त्यांनी पाहावे.

कलम आठवे. सह्यांच्या वेळी पंचाईत झाली. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे. कलम चारमुळे एका बिअरपायी अख्खे गाव बाद झाले. एक साक्षीदार वकीलबाई, त्या दुसऱ्या गावच्या. दुसरा कुठून आणायचा? फिनबार म्हणाला, "मी करतो सही."

"मिस्टर हेगार्टी, सही केलीत तर कलम पाच तुमच्यापुरतं रद्द होईल," वकीलबाई म्हणाल्या. "घराचा तो हिस्सा मिस्टर डनस्टन यांना जाईल."

"म्हणजे हा लँगर माझ्या निम्म्या घराचा मालक होणार?"

"होय."

फिनबारने पेन उचलले. "छप्पर गळतंय," तो मर्व्हला म्हणाला. "तुझ्या बाजूचं."

वरील सर्व मी वाचले आहे, मला मान्य आहे. मरायला मात्र आता मला अजिबात वेळ नाही, हे सिडनीच्या डॉक्टरांनी ध्यानात घ्यावे.

ठिकाण : वॉन्गाबिल हॉटेल, मोठा बार
तारीख : १७ जानेवारी २०१९

लिहून ठेवणार : फिलोमिना मेरी डनस्टन (सही)

साक्षीदार एक : प्रूडन्स आल्ड्रिच, वकील. यातील भाषेची जबाबदारी माझी नाही. (सही)

साक्षीदार दोन : फिनबार हेगार्टी, वय पंच्याहत्तर, राहणार शँडन, कॉर्क. धंदा : पावाची गाडी चालवणे, आता निवृत्त. लिहून ठेवणारीशी नाते : भाऊ. इतर ओळख : म्हातारा बास्टर्ड. हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला आहे, कोणी खोडू नये. (सही)