माझ्या चेहऱ्याची उस्तवार

४ मार्च १९४५, रविवार. सांगली

आणखी तीन! हनुवटीवर दोन, नाकाशेजारी एक. गालांवर आधीच पेरणी झालेली. सव्वीस वर्षांच्या विधवेला तारुण्यपीटिका — देवालाही काही काळवेळ कळत नाही.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचे शब्द डोक्यातून जात नाहीत. म्हणाल्या, "शिकवणं आवडलं तुमचं. पण चेहरा बरा करून या. मुलींच्या आया विचारतात, हे लागणारं तर नाही ना." एप्रिलअखेर पुन्हा बोलावलंय. तेव्हा चेहरा स्वच्छ असला तर जागा माझी, नाहीतर दुसरी कुणीतरी. म्हणजे नोकरी, स्वतःची खोली, वहिनीच्या स्वयंपाकघरातून सुटका — सगळं या पुटकुळ्यांच्या हातात!

हे गेल्यापासून सहा वर्षं दादाकडे आहे. दादा देवमाणूस, पण त्याला हळदीच्या अडतीपुढे काही दिसत नाही. घर वहिनी चालवते आणि वहिनीला आत्या.

७ मार्च

दादानं कुठूनशी साबणाची वडी पैदा केली. लढाईमुळे हल्ली साबण बघायलाही मिळत नाही, म्हणून मी हरखले. पण आत्या! नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी केशवपन, तेव्हापासून विधवेचं लाल आलवण आणि सोवळं. तिनं वडी चिमट्यानं उचलली. विचारते, यात काय आहे? म्हटलं, साबण आहे. म्हणते, ते दिसतंय, साबणात काय आहे?

मला काय ठाऊक! गेले आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, चरबी आणि कॉस्टिक सोडा. सोड्यानं मळ निघतो आणि कातडीचं स्वतःचं तेलही निघतं, म्हणून तोंड ओढल्यासारखं होतं. घरी येऊन सांगितलं. आत्याचा लगेच पुढचा प्रश्न — कसली चरबी?

वडी रंगूबाईला मिळाली. आमच्या मोलकरणीचे हात आज गुलाबासारखे घमघमताहेत.

१२ मार्च

वहिनीचा उपाय : मसुरीचं पीठ आणि साय. आत्याकडून पास. मी खसाखसा चोळलं, भांडी घासावीत तसं. दोन दिवसांत गाल लाल, आणि सायीनं पुटकुळ्यांची दिवाळी!

डॉक्टर म्हणाले, घासू नका. बरं.

१९ मार्च

चारुशीला पुण्याहून आली. मामेबहिणींत तीच एक जीव लावणारी. येताना तोंडाला लावायच्या स्नोची बाटली आणली — पांढराशुभ्र, गार, काय वास! वहिनीनं वासावरूनच भुवया चढवल्या. विधवेनं वासाचं लावू नये, हे ती तोंडानं बोलत नाही, भुवयांनी बोलते.

आत्यानं नेहमीचंच विचारलं. पुन्हा माझी वारी डॉक्टरांकडे. ते म्हणाले, चरबीतून काढलेलं मेणासारखं आम्ल, थोडा सोडा, ग्लिसरीन. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं म्हणून गार वाटतं. मी ग्लिसरीनवर भर देऊन सांगितलं, पण आत्याच्या कानात फक्त चरबी शिरली. बाटली उकिरड्यावर! चारू रडली. मी रडले नाही. मी दात खाल्ले.

२६ मार्च

डॉक्टरांनी शेवटी गंधकाचं मलम दिलं. गंधक खनिज, म्हणून आत्याची हरकत नाही. रात्री एकदा लावा म्हणाले होते. मी तीनदा लावलं, लवकर बरं व्हावं म्हणून. आता सालं निघताहेत, आणि अंगाला फटाक्यांचा वास. दादा जेवताना दोनदा म्हणाला, कुठे काही जळतंय का गं? मी ताटावरून उठले.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे लग्नही नाही, नुसतं तोंड धुवायचंय!

२ एप्रिल

आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

५ एप्रिल

आज रंगूबाई धुणं धुता धुता सहज म्हणाली, "आवं ताई, आंबेहळद लावा की. आमच्यात लय लावत्यात." वहिनीच्या हातातली वाटी पडली. रंगूबाईनं जीभ चावली.

या घरात काय कमी आहे हळदीची? पुढच्या सोप्यात पोती, दादाचं धोतर पिवळं, मांजरसुद्धा पिवळं! विधवेच्या गालाला तेवढी ती चालत नाही. भाजीतून पोटात गेली तर चालते. हा कुठला न्याय, हे कुणाला विचारायची सोय नाही.

६ एप्रिल

आत्यानं सकाळी खोलीत बोलावलं. वाटलं, कालच्याबद्दल ऐकावं लागणार. तर समोर सहाण, आणि ती आंबेहळद उगाळत बसलेली. मी दारातच थबकले.

"साबणात चरबी, स्नोमध्ये चरबी, मलमानं सालं निघाली," आत्या म्हणाली. "राहिलं काय? ही राहिली."

"पण आत्या, मला चालत नाही ना."

"जखमेवर हळद दाबताना कुणी विचारतं का, जखम विधवेची की सवाष्णीची? बस खाली."

तिनं स्वतःच्या हातांनी लावली. बोटं खरखरीत, पण लावणं हलकं. वर तंबी : बाकी सगळं बंद. पीठ नको, मलम नको, नुसतं पाणी. इतकी वर्षं जिला मी घाबरले, तिच्यापुढे डोळे मिटून बसले होते. रडू आलं. म्हणाली, रडू नको, ओघळ पडतात.

१३ एप्रिल, पाडवा

नवीन एकही नाही! जुन्या सुकताहेत. उशीचा अभ्रा पिवळा, पदर पिवळा. वहिनी माझ्याशी बोलत नाही. तेही पथ्यावरच पडलंय.

२० एप्रिल, शुक्रवार

व्हायचं ते झालं. वहिनीचं चैत्रातलं हळदीकुंकू. मला कुणी तिथे बोलावत नाही, मी माजघरात लेप लावून बसले होते. तेवढ्यात वहिनीचं पोर झोपाळ्यावरून पडून बोंबललं. मी तशीच धावले — पिवळ्याधम्मक तोंडानं, भरल्या बायकांत! पन्ह्याचे पेले हातातच राहिले. एकजण म्हणाली, "अगंबाई, ठरलं कधी?"

संध्याकाळपर्यंत हळदपेठेत बातमी. एका अडत्यानं दादाचं अभिनंदन केलं! रंगूबाई नवरदेवाचं नावही घेऊन आली : "समदी म्हनत्यात, उमाताईस्नी डाक्टरची हळद लागली." डॉक्टर विधुर, आणि मी महिनाभर त्यांच्याकडे खेटे घातलेले. काय तर म्हणे, साबणात काय असतं ते विचारायला. कोण विश्वास ठेवणार!

वहिनी अंथरूण धरून पडलीय. आत्यानं फक्त एवढंच विचारलं, लेप पुसला तर नाहीस ना?

२३ एप्रिल

डॉक्टरांची माफी मागायला गेले. त्यांच्या कानावर सगळं आलेलं. बिचारे माझ्याहून लाजले. चेहरा पाहून म्हणाले, छान! पण श्रेय हळदीला फार देऊ नका. बाकी सगळं बंद केलंत, कातडीला विसावा मिळाला, म्हणून बरं झालं.

मग हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणतात, "तुम्ही रोज नवीन काही लावून यायचात आणि यात काय आहे एवढंच विचारायचात. मी तेवढंच सांगायचो."

पुरुषाच्या जातीला काय म्हणावं! घरी येऊन थयथयाट केला. आत्या म्हणाली, असेल. पण हळदीनं काही वाईट केलं असं तर नाही ना म्हणाला?

३० एप्रिल, साताऱ्याहून परत

मोठ्या बाईंनी चष्मा वर करून चेहरा निरखला. गाल स्वच्छ. पण कपाळाच्या कडेला, केसांच्या मुळाशी पिवळं राहिलेलं. म्हणाल्या, लग्न ठरलंय वाटतं? लग्न झालं की शिक्षिका नोकरी सोडतात, मग आमची पंचाईत.

झालं! पुटकुळ्या होत्या म्हणून नको, आता गेल्या म्हणून नको. माझा तोल सुटला. सगळं सांगितलं — साबण, चरबी, स्नो, मांजर, डॉक्टर, आत्या. बाई हसून हसून डोळे पुसायला लागल्या. जूनपासून या म्हणाल्या.

पण एक अट. एकट्या विधवेला तिथे कुणी खोली देत नाही. सोबत घरचं वडीलधारं माणूस हवं. आता ते कुठून आणू? दादाला अडत, वहिनीला संसार. आत्या तर सोवळ्यापायी शेजारच्या घरचं पाणीही पीत नाही. गाडीत सांगलीपर्यंत स्वतःच्या नशिबाला शिव्या घातल्या.

१ मे

काल रात्री आत्याला अट सांगितली.

पहाटे उठले तर तिच्या खोलीत उजेड. आंबेहळद उगाळलेली. म्हटलं, आत्या, आता कशाला, मी बरी झालेय.

तिनं वळून पाहिलं. दोन्ही गाल पिवळे. हातात माझा आरसा.

"अकराव्या वर्षानंतर आज लावली," म्हणाली. "साताऱ्यात मला कोण ओळखतंय?"