रुख्मिणीबाईंचा अंगठा

६ जानेवारी, मंगळवार
नोकरी सोडली. अकरा वर्षं कंपन्यांचे सर्व्हर हॅकर्सपासून राखले, आता जनतेसाठी काम. पब्लिक पॉलिसी! मिनल म्हणाली, सहा महिने माझ्या पगारात भागवू, पण काहीतरी करून दाखव. बायको असावी तर अशी.

८ जानेवारी
विषय स्वतःच घरी चालत आला. आपल्या पोळ्या-भांडीवाल्या रुख्मिणीबाई. रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठाच घेत नाही. भांडी घासून रेषा गेल्या. डिसेंबरचं धान्य बुडालं. आधार केंद्रावर नवे ठसे द्या म्हणतात, पण मले एकटीले भेव लागते भाऊ, तुमी संग चाला, म्हणाल्या. शनिवारी नक्की, म्हटलं.

१० जानेवारी, शनिवार
गेलो नाही. कारण तात्त्विक आहे. एका बाईचा एक अंगठा दुरुस्त करणं म्हणजे पॅच मारणं. अकरा वर्षं ज्युनियर लोकांवर ओरडलो, पॅच नको, रूट कॉज शोधा. सरकारसाठी पॉलिसी पेपर लिहितो. सगळ्यांच्याच अंगठ्यांचा प्रश्न सुटेल, त्यात बाईंचाही आलाच. बाईंना समजावलं. बरं, म्हणाल्या.
पोळ्या आज जाड होत्या.

१९ जानेवारी
मुखपृष्ठ तयार! फॉन्ट चारदा बदलला. बाईंच्या अंगठ्याचा फोटो टाकला, काय झकास दिसून राहिला! फोटो पाठवल्यावर काम होते का भाऊ, बाईंनी विचारलं. प्रोसेस सुरू आहे, म्हणालो. असं बोलणाऱ्या माणसांचा मला फार राग यायचा.

२ फेब्रुवारी
जानेवारीचंही धान्य गेलं. हे मिनलने सांगितलं. विकतच्या तांदळासाठी त्यांनी संध्याकाळी आणखी एका घरची भांडी धरली आहेत. म्हणजे अंगठा आणखी झिजणार! हा मुद्दा पेपरात घेतला. घेताना लाज वाटली. मुद्दा ठेवला.

१० फेब्रुवारी
बाई सकाळी आठला येतात. मी आठला गॅलरीत कॉलवर असतो. कॉल नसतो. अबे, काहून एवढा भ्यायलो मी? एक बाई अन् एक केंद्र! सोमवारी नक्की.

१६ फेब्रुवारी, सोमवार
वेबिनार निघाला. विषय: तळागाळाशी नातं. चुकवता आला नाही.

५ मार्च, सकाळी ६
पेपर पूर्ण, बासष्ट पानं. दिल्लीच्या एका धोरण संस्थेला पाठवला. रात्रभर झोप नाही. बाईंना फेब्रुवारीच्या धान्याचं विचारायची हिंमत होत नाही. परवा काहीही झालं तरी त्यांना घेऊन जाणारच.

७ मार्च, शनिवार
सकाळी साडेसातला दाढी करून तयार. बाई आल्याबरोबर म्हटलं, चला.
कुठं, म्हणाल्या.
मिनल त्यांना महिन्याभरापूर्वीच घेऊन गेली होती. हाफ-डे टाकून. वीस मिनिटं लागली. परवा धान्य मिळालं. रेशनच्या गव्हाचा शिरा केलाय, माझ्यासाठी डबा आणला होता. तुमच्या त्या कागदानंच झालं म्हणे भाऊ, मिनलताई सांगून राहिल्या होत्या, असं म्हणून बाईंनी मला हात जोडले.
नाही म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणालो.
मिनल बाजूलाच चहा गाळत होती. तिने वर पाहिलं नाही.