पायऱ्यांवर बसणाऱ्यांसाठी दोन खोल्या

मी, न्यायालयाचा निवृत्त पट्टेवाला, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नी पूर्वीच वारली. एकुलती मुलगी, आमच्या घरातली पहिली वकील, गेल्या वर्षी तापाने गेली.

१. न्यायालयामागच्या गल्लीतले माझे दोन खोल्यांचे घर, ज्यांच्या घरात आधी कोणी वकील नव्हते अशा नव्या वकिलांना बसायला द्यावे. भाडे घेऊ नये, घर विकू नये. व्यवस्था मुलीच्या वकील मैत्रिणीने पाहावी. तिची आई न्यायालयात झाडू मारते.

२. धाकट्या भावाला घरात हिस्सा नाही. मुलीला स्मशानात पोचवून आलो त्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, आता ह्या खोल्या माझ्या पोरांच्याच ना?" त्याने माझी सायकल न्यावी. ब्रेक लागत नाही, हे त्याला आधी सांगावे.

३. घर असे देण्याचे कारण. बाररूममधल्या, म्हणजे वकिलांच्या बैठकीच्या खोलीतल्या, खुर्च्या बापाकडून मुलाकडे जातात. माझी मुलगी मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून कागद वाचायची. तिथे दाव्याचा पुकारा ऐकू येत नाही. पुकारा मीच करीत असे. नियम तीन वेळांचा. पण मोठ्या वकिलांसाठी मी दुसऱ्या पुकाऱ्यानंतर बाररूमपर्यंत जाऊन बोलावून आणायचो. सगळेच पट्टेवाले जातात. तिच्या पहिल्या स्वतंत्र दाव्याच्या दिवशी मी जिन्यापर्यंत गेलो नाही. बाप म्हणून सवलत दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून तीन पुकारे सलग केले. वकील गैरहजर म्हणून दावा फेटाळला गेला.

ती ज्यांच्या हाताखाली काम करायची ते वरिष्ठ वकील सर्वांसमोर म्हणाले, "पट्टेवाल्याची पोर, आणि पुकारा ऐकू येत नाही?" सगळे हसले. मी दाराशीच उभा होतो. घरी ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही नियमानं वागलात. जेवून घ्या." पुढे नऊ वर्षे ती वरिष्ठांचे युक्तिवाद लिहीत राहिली. तिला स्वतःचा दावा पुन्हा मिळाला नाही.

४. तिची पुस्तके खोलीतच राहावीत. कोट ज्याला बसेल त्याने घालावा. बाहीचे अस्तर मी शिवले आहे, टाके ओबडधोबड आहेत.

५. मैत्रीण म्हणाली, "काका, कलम तीन काढूया. लोक तुम्हाला नावं ठेवतील." काढू नये. खोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाला ते वाचून दाखवावे. घर दिले म्हणून मला कोणी भला माणूस समजू नये.

वाचून, समजून सही केली. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: निवृत्त पट्टेवाला
साक्षीदार: १. न्यायालयाबाहेरचे टंकलेखक २. शेजारच्या परिचारिकाबाई
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च