पैऱ्याच्या भाकरी

आत्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्यावर राग धरायला मला आत्ता सवड मिळाली. तुमची सून म्हणून या घरात आले, त्याच पावसाळ्यात समोरच्या घरातली बाई मला सगळ्यांदेखत टाकून बोलली होती. दुसऱ्या दिवशी तिच्याच वावरात भाताची लावणी. मी जाणार नाही म्हणून चुलीपुढं बसून राहिले. तुम्ही हाताला धरून उठवलंत. "आज तू गेली न्हाईस, तर उद्या आपल्या वावरात कोण येतंय? भांडाण बांधावर ठेव आन चिखलात उतर." उतरले. आज आपण तिच्यात राबायचं, उद्या तिनं आपल्यात. पैरा म्हणजे काय ते मी तिच्या शेजारी वाकून शिकले.

आता वरच्या धबधब्याला शनिवार-रविवार गाड्यांची रीघ लागते. तुम्ही वाट चुकलेल्यांना ताक पाजायचात, कुणी पैसे पुढं केले तर खवळायचात. आज धाकट्या जावेच्या अंगणात चुलीवरच्या जेवणाची पाटी आहे, आणि आळीतल्या सगळ्या बायका तिथं भाकरी थापायला बसतात. गाड्या लावायला रस्त्याकडेचं आपलं खळं मागितलं, तेव्हा मी ग्रामसभेत उभी राहून नाही म्हणाले. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गेल्या साली माझ्या लावणीला एकही बाई आली नाही, एवढंच. वाफ्यातली रोपं पिवळी पडायला लागली. पोरगा तिकडं शहरात, विश्रामबागेत नोकरीला, त्याला रजा नाही. शेवटी जावेच्या दारात गेले. परातीतून मान वर न करता ती म्हणाली, "आवं आक्का, तुमी आमच्यात कुटं येताय? मग आमी कसं येणार?" तुमचंच बोलणं ते. मग बाहेरून मजूर आणले. ते मुकाट्यानं लावून गेले.

या साली मी खळं दिलं. तुम्ही शेणानं सारवायचात तिथं आता मोटारींचं तेल सांडलेलं असतं. ओढ्यात बाटल्या अडकतात, त्या मीच काढते. हे सगळं मला सहन होत नाही, पण गावात तसं म्हणणारी मी एकटी, आणि एकटीनं भात लावून होत नाही. म्हणून रविवारी मीही भाकरी थापते. पाहुणे आमचे फोटो काढतात. मागच्या रविवारी एका बाईनं कौतुकानं विचारलं, तुम्ही गावात अजून अशाच एकमेकींना धरून असता का? मी हो म्हणाले. ते खोटंही नव्हतं, याचाच जास्त संताप आला.

परवा सोमवारी सगळ्या आल्या. समोरच्या घरातली ती बाईसुद्धा आली, आता पार म्हातारी झालीय. दिवस मावळायच्या आत वावर लावून झालं. तुम्ही असतात तर पुढचं तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं, कळलं असतं तर नुसत्या गालात हसला असतात. कागदावर लिहितेय ते तुम्ही वाचणार नाही म्हणूनच. त्या सगळ्यांच्या मधे वाकले होते ना आत्या, तेव्हा खळ्याची आठवणही झाली नाही. मला लय बरं वाटलं.